तीन कोपऱ्यांचं भोक

वर्गाच्या टिनाला एक भोक आहे.
परवाच्या साली माकडं नाचली, खिळा उपटला,
तेव्हापासूनचं.
दुरुस्तीचा अर्ज पंचायत समितीत आहे,
माझ्याच अक्षरात, दोनदा.

माघात त्या भोकातून उजेडाचा ठिपका पडतो,
दहाच्या नाण्याएवढा.
सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर, बेच्या पाढ्याखाली,
मग उतरतो, फरशीवर येतो
आणि पहिलीतल्या लेकरांच्या मांड्यांवरून
कोणाला न विचारता पुढे सरकतो.
सूर्य तिकडून इकडे, ठिपका इकडून तिकडे.

दुर्पताबाईंनी खिचडीच्या डब्यातली हळद दिली,
चिमूटभर, मोजून.
"साहेब आले तं मी नाही दिली."
दर घंटेला ठिपका असेल तिथे एक ओलं बोट.
सुट्टी होईस्तोवर
फरशीवर पिवळी मुंग्यांची रांग,
आणि बोटं, नाकं, एक पूर्ण बाही.

सुजातने आज्याची चुन्याची डबी पळवून आणली होती.
कशाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.
शेवटच्या ठिपक्याला चुना लागला
आणि ठिपका लाल झाला.
वर्ग एवढा गप्प मी कधी करू शकले नव्हते.
मग एकदम: रक्त! कुंकू! जादू!
दुर्पताबाई झारा घेऊन दारात:
"त्यात काय जी, माह्या मायची माय असंच कुंकू करे."
त्या दिवशीचा विज्ञानाचा तास त्यांनीच घेतला,
खिचडी थोडी खाली लागली.

रेवता टेकाम वर्गात बोलत नाही.
घरी कोलामी, शाळेत मराठी,
दोन्हींच्या मधल्या बांधावर ती बसून असते.
त्या दिवशी ती उताणी झोपून टिनाकडे पाहत होती.
"बाई, भोक तं तीन कोपऱ्याचं हाये.
मंग उजेड गोल कावून?"

मी डी.एड., बारा वर्षांची नोकरी.
मला माहीत नव्हतं.
"पाहू," म्हणाले,
पंचायत समितीत माझ्या अर्जाला म्हणतात तसं.

रात्री झोप नाही आली.
सकाळी बिस्किटाच्या खोक्याचे पुठ्ठे नेले,
एक ब्लेड, बाभळीचे चार काटे.
एकात तीनकोनी भोक, एकात चौकोनी,
रेवताने जीभ बाहेर काढून चांदणी कोरली,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
अंगणात, जमिनीला टेकवून: चांदणी.
गुडघ्याएवढं उचललं: चांदणी जराशी फुगली.
सुजात बाकावर चढला, हात वर:
गोल.
चौकोनही गोल, तिकोनही गोल.
पुन्हा खाली. पुन्हा वर.
मधली सुट्टी कधी संपली कोणी नाही सांगितलं,
घंटा वाजवणारा पोट्टाही तिथेच होता.

"जवळ हाये तवर उजेड भोकाचं आयकते,"
सुजात म्हणाला,
"दूर गेला का सूर्याचं."
मी ते फळ्यावर लिहिलं. तसंच. न सुधारता.

मग कोणीतरी चिंचेखाली पाहिलं.
आम्ही रोज तिथे डबे खातो, भांडतो, उष्टं टाकतो.
पानांमधल्या फटी वाकड्या, फाटक्या, कशाही,
आणि धुळीवर सगळे ठिपके गोल.
शेकडो.
आम्ही त्यांच्यावर चपला काढून ठेवत होतो.
मुलांनी जुनी चादर अंथरली,
गेरू, कोळसा, वालाच्या पानांचा हिरवा,
एकेक सूर्य रंगवायला घेतला.
वारा आला की सगळे पळत.
चादरीवर जे उमटलं ते सूर्य नव्हतेच,
सूर्यांच्या मागे धावल्याच्या खुणा.
रेवताने ठिपक्यांकडे बोट करून एक शब्द म्हटला, तिच्या बोलीतला.
मी दोनदा विचारून तळहातावर लिहून घेतला.
दुपारी भांडी घासताना पुसला गेला,
उद्या परत विचारायचा आहे.

फाल्गुन लागायच्या आधी साहेब आले.
"फरशीवर हे डाग कसले?"
कोणी बोललं नाही.
दुर्पताबाई चुलीकडे वळल्या.
रेवताने फक्त बोट वर केलं.
साहेबांनी मान वर करून पाहिलं, बराच वेळ,
आणि शेरेबुकात लिहिलं:
छत नादुरुस्त. तात्काळ बुजवावे.

ते लिहीत होते तेव्हा अकरा वाजले होते.
ठिपका त्यांच्या डाव्या बुटावर होता,
नाण्याएवढा, गोल,
हळूहळू नाडीकडे सरकत.
आम्ही अठ्ठावीस जण श्वास धरून पाहत होतो.
सुजातच्या बोटाला ओली हळद होती.