दुसरी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून
तांबड्या भाजीच्या जुड्यांवर बसून आली ती,
बुटाच्या खोक्यात,
अर्धी पांढरी, अर्धी उकड्या तांदळाच्या रंगाची.

नावं ठेवायला आमच्या घरात कोण कमी?
सासूबाई म्हणाल्या, उंदीरच तो, शेपूट विसरलेला.
मिथिलाने तीन दिवसांत अकरा ठेवली:
नेवरी, दोदोल, काजुली...
ती एकालाही वळली नाही.
मी फ्रिजचं दार उघडलं की मात्र
कुंईऽ कुंईऽ
तिच्या लेखी
हे माझं नाव असावं.

कायतान विकतानाच म्हणाला होता,
एकटी ठेवू नका, झुरते.
ससा नको, लाथ मारतो, भाषाही वेगळी.
नर आणाल तर
चतुर्थीपर्यंत माझ्यासारखंच दुकान मांडाल.
बाईमाणूसच बघा.

पुढच्या शुक्रवारी चौघींतली
सगळ्यात गप्प उचलली, कान फाटका.
मध्ये जाळी. आधी वास ओळखीचा होऊ दे.
आठ दिवस दोघी
जाळीला पाठ लावून,
जशा मी आणि सासूबाई
माझ्या पहिल्या चवथीला
एकाच माटोळीखाली.

काल रात्री वीज गेली.
मेणबत्ती धरून वाकले तर
काकडीची एकच साल जाळीतून आरपार,
दोन टोकांना दोन तोंडं.
भांडण की जेवण, कळेना.

मागून आवाज आला,
दुसरीचं नाव मी ठेवणार.

अजून ठेवलेलं नाही.
तूर्त दोघींना 'गो' म्हणतात.
मलाही.