निव्वळ आठ

पितळी नळ, गिझरची गुंडाळी, फुटका बंब,
या ढिगातून मुनाफनं ते वेगळं काढून ठेवलं होतं.
"ग्रेडरसाब, तुमच्या कामाचं हाय का पाहा.
बाई हाय याच्यावर. राणी नाई वाटत."

राणी नव्हतीच.
मोकळ्या केसांना मागे फीत,
छातीशी पदरासारखी चुणी,
खाली सतराशे अठ्ठ्याण्णव, शेवटचा आठ जरा दबलेला.
उलट बाजूला पानांच्या दोन डहाळ्या, मध्ये सेंट,
आणि तळाशी, पोरानं पाटीवर लिहावा तसा अपूर्णांक:
एक छेद शंभर.

मी तेहतीस हंगाम कापूस पाहिला.
घाटंजीच्या जिनिंगमध्ये गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा,
आतली मूठ ओढायची, दोन अंगठ्यांत धागा ताणायचा
आणि गाडीवाल्याच्या तोंडाकडे न बघता
पावतीवर ग्रेड टाकायचा.
न बघणं हे त्या नोकरीतलं अर्धं काम.
आता तीच बोटं तांब्यावर फिरतात.
नागपूरकर भोसल्यांचे जाडे पैसे, कंपनीचे पाव आणे,
अचलपूरच्या टांकसाळीचा एक, अर्धीच अक्षरं उठलेला.

हे तांबं परक्या मुलखातलं, तरी रंग ओळखीचा:
जवसाच्या चटणीसारखा, तेलकट, दाट.
झीज गालावर आणि खांद्यावर, केसांच्या बटा मोजता येतात.
कडेला एक ठोका, जुनाच.
सोनाराच्या काट्यावर टाकलं.
तोळ्याला मासाभर कमी.

मुनाफ म्हणाला, जवळ्याच्या डायऱ्यांच्या दुकानातलं हाय,
तराजूसोबत आलं. बुढा याच्यानंच हिंग तोलायचा.

म्हणजे किती वर्षं
त्या गावच्या फोडणीत मासाभर हिंग कमी पडत होता
आणि कुणाच्या जिभेला ते कळलं नाही.
मला हसू आलं. मग नाही आलं.
ओलाव्याचा कडता मीही कापला आहे,
हातानं अंदाज घेऊन.

इथपर्यंत ते कसं आलं, मिशनच्या डॉक्टरच्या खिशातून
की जिनाच्या गोऱ्या मेकॅनिकच्या पेटीतून,
मी जुळवत बसलो नाही.
सरकीला कोण विचारतं, कोणत्या धुऱ्यावरची?

मोतीबिंदूसाठी चार दिवस सेवाग्रामला होतो.
परत आलो तर देव्हाऱ्यात, तांब्या-पळीच्या शेजारी,
ते लखलखत होतं.
चिंच, मीठ, चुलीतली राख.
सव्वादोनशे वर्षांचा तपकिरी रंग मोरीतून आळूच्या वाफ्यात गेलेला.
"किती मळलं होतं बाईचं तोंड," कुमुद म्हणाली,
"आता चेहरा तरी दिसते."

दोन दिवस मी मुकाट जेवलो.
तिसऱ्या दिवशी तिनं ताटात भाकर टाकली,
"एवढं काय हो. पैसाच ना? अन् तोही शंभरातला एक."

नागपूरच्या प्रदर्शनात पराते नावाचा पोरगा बसला होता.
भिंग डोळ्याला लावलं, तीन सेकंद.
"साफ केलंय, काका."
उलटूनही पाहिलं नाही,
माझ्या तोंडाकडेही नाही.
हात चांगला होता पोराचा.

परतीच्या एसटीत, यवतमाळ सुटल्यावर,
पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं:
नक्षी पंधरा.
कडता सात, चिंचेचा.
निव्वळ आठ.

परवा दुपारी ओसरीवर पुन्हा भिंग धरलं.
फितीच्या गाठीत, जिथं राख पोचली नव्हती,
तिथं जवसाच्या दाण्याएवढं काळं अजून आहे.
मी बराच वेळ तिथंच थांबलो.
कुमुद सुपातली डाळ ठेवून आली, "पाहू."
भिंग तिनं उलटं धरलं, मग सुलटं,
श्वास रोखून पाहिलं.
"हे राह्यलं वाटते," म्हणाली,
आणि नख पुढे केलं.