सहावा रकाना

जुन्या सीबीएससमोर, कलेक्टर कचेरीच्या भिंतीला लागून
माझं टेबल, टाइपरायटर,
वर गेल्या कुंभमेळ्याच्या फ्लेक्सचं छप्पर.
अर्ज, प्रतिज्ञापत्र, नावात बदल. शंभर रुपये.

इंग्रजी शब्द इथे उतरतात ते बिनलिंगाचे.
आम्ही लावून देतो:
तो फॉर्म, ती फाईल, ते तिकीट.
पेनचं अजून मिटलेलं नाही.
झेरॉक्सवाला तो म्हणतो, त्याची बायको ते.

मंगळवारी शशी निरभवणे.
अंबडच्या कंपनीत बेअरिंग तपासायचं काम.
सहाव्या रकान्यावर बोट: जेंडर.
"याला मराठीत काय?"
लिंग, मी सांगितलं.
"आणि सेक्सला?"
लिंग.
दोघांनाही हसू आलं, मग जरा कमी आलं.

कोश काढला. पुठ्ठा गेलेला,
जीपर्यंतची पानं शाबूत.
मुळात म्हणे प्रकार. जात.
जातीचा रकाना नववा आहे.
शिकलेले लोक लिंगभाव म्हणतात,
पण भाव म्हटलं की आमच्या जिल्ह्यात
माणसं लासलगावकडे बघतात.
आणि लिंग नावाचं जे काही आहे
ते स्वतः नपुंसकलिंगी.

तेवढ्यात लक्षात आलं.
पाऊण तास झाला, शशीच्या तोंडून
आलो नाही, आले नाही.
"मी फॉर्म आणला. दोनदा वाचला.
मला साडेचारची बस धरायचीय.
माझं घर सातपूरला."
क्रियापद दर वेळी फॉर्मकडे, बसकडे तोंड करून,
बोलणाऱ्याकडे पाठ.
केवढी सवय लागत असेल,
भरला कप घेऊन मेन रोड ओलांडायची.

इंग्रजीत आय केम म्हटलं की सुटलं.
माझी कागलची मावशी
पन्नास वर्षं नऊवारीत "मी आलो" म्हणायची.
तिला कुणी रकाना दाखवला नाही.

"काय लिहायचं?"
"आत्ता रिकामं ठेवा."
"खिडकीवरून परत येईल."
"येऊ दे. मी तारीख घातलीय, सही केलीय."
सहीच्या शेवटच्या अक्षराला लांब शेपूट,
चौकटीबाहेर, थेट डिंकाच्या डागापर्यंत.

सहाला घरून फोन. निघालात का?
तोंडाशी आलेलं क्रियापद
तसंच धरून ठेवलं जरा.
"अर्धा तास लागेल," मी सांगितलं.
"वाटेत पाव घ्यायचेत का?"