रुवी, रात्री दीड

काचेवर वाफ. आत पराठा उलटणारा हात
तेवढाच स्पष्ट, बाकी सगळं
ट्यूबलाइटचं हिरवट पाणी.

गाडीतून हॉर्न. दोन करक, साखर कमी.
पोऱ्या धावतो
कागदी कपांवर तळहात धरून.

"फोटू काढतोस? थांब, माजा पन एक."
मागच्या दारातून शर्फुद्दीन,
म्हसळ्याचा,
भांडी घासून बोटं पांढरीफटक.
ॲप्रन काढून खुर्चीत बसला
गिऱ्हाइकासारखा,
हातात मेनू. उलटा.
"घरी धाडायचाय."

काढला. धाडलाही.

माझ्याजवळ आहे तो त्यानंतरचा :
उठून, तो बसलेली खुर्ची
फडक्याने पुसतोय,
मालक बघायच्या आत.
घाईत घेतलेला.
जरा हललाय.