तिसऱ्या बादलीतलं

सप्टेंबरातले सोमवार माझ्याकडे रांग लावून येतात.
सेइनीच्या आरोग्य केंद्रात, तळमजल्यावर, लसींच्या खोलीला लागून
माझं टेबल. मेणकापड, भिंग, चाकू, तराजू
आणि टेबलाखाली तीन बादल्या.
एक खायची, एक मरायची,
तिसरीला नाव नाही.

एकतीस वर्षं लोक एकच प्रश्न विचारतात.
मी टोपली उपसते, एकेक अळंबी उलटी करून बघते.
पिवळ्याधमक कुर्क्या इकडे, जाडजूड बोरोविक तिकडे.
एखादी फिकट हिरवी टोपी दिसली
की माणसाला आधी हात धुवायला पाठवते, मग ओरडते.
उरलेलं तिसरीत. त्याला इथं कुत्र्याचं म्हणतात,
आणि कुत्रं तर हुंगतसुद्धा नाही.

पोस्टमन गेर्वाझीच्या टोपलीत वावगं काही नव्हतं.
पावती फाडत होते, तेवढ्यात त्याच्या पोरीनं, कालिनानं,
मूठ उघडली. "आणि हे?"
राखाडी टोपडं, वर बारीकसं टेंगूळ,
लांब दांडी, बुडाशी लव
आणि लवेला धरून राहिलेलं चिमूटभर कुजकं लाकूड.
"खायचं नाही," मी म्हटलं, सवयीनं.
"ते कुठं विचारलंय? नाव काय हिचं?"

मागे अकरा माणसं ताटकळलेली.
एखादं लांबलचक लॅटिन फेकलं असतं तर भागलं असतं.
का कुणास ठाऊक, म्हटलं, शोधून ठेवते.

संध्याकाळी दिवा पुढे ओढला.
कुठं सापडली? पोस्टाच्या मागे, तोडलेल्या ओकच्या बुंध्यावर.
म्हणजे पाइनखाली राहणाऱ्या सगळ्या बहिणी बाद.
दांडी वाकवली. वाकली, ताणली, मग कट्‌ करून तुटली.
लाल थेंब आला असता तर वेगळी निघाली असती.
नाही आला.
काठाला दातरे नाहीत, आणखी एक बाद.
चुरगाळून हुंगली, तर आत्ता दळलेलं पीठ
आणि त्याच्यामागून, पाहुण्यासारखा, मुळा.
टोपीखालच्या पात्यांमधून आडव्या शिरा,
शिडीच्या पायऱ्या जशा, पण भिंगाशिवाय दिसायच्या नाहीत.

टोपी कापून कार्बन पेपरवर पालथी घातली,
वर पेला झाकला.
(केंद्रात टाइपरायटर उरला नाही, कार्बन उरलाय.)
सकाळी काळ्यावर पांढरी भुकटी,
पाती मोजता येतील अशी.

सगळं जुळलं, एक सोडून.
पुस्तक म्हणत होतं, पाती गुलाबी. हिची पांढरी.
मी चष्मा पुसला, पुस्तक पुसलं.

हंगामात मी रानात जात नाही. रान टोपल्यांतून माझ्याकडे येतं,
खुडलेलं, वजनी, पिशवीत घामेजलेलं.
त्या सकाळी केंद्र उघडायच्या आधी पोस्टामागं गेले,
या वयात, गुडघे टेकून,
आणि बुंध्यावर अख्खं घराणं बसलेलं.
तान्ही घंटेसारखी मिटलेली, पांढऱ्या पोटाची.
त्यांच्या वर मधल्या वयाच्या, सुरकुतायला लागलेल्या.
आणि अगदी कडेच्या म्हाताऱ्या, टोप्या उलट्या वळलेल्या,
त्यांची पाती
थंड पाण्यात कपडे खळबळल्यावर बोटं होतात तशी गुलाबी.

म्हणजे लाजायला वेळ लागतो हिला.
मूठभर वयाची आणली होती पोरीनं, एवढंच.

परत येऊन रीतसर पावती केली.
प्रकार: गझिबुव्का हेउमियास्ता. शिरस्त्राणवाली.
वजनाला तराजूत टाकली, काटा हलला नाही,
शून्य लिहिलं.
निकालाचा रकाना. माझ्याकडे शिक्के दोनच.
दोन्ही हातात घेतले, परत ठेवले.

गुरुवारी गेर्वाझी टपाल घेऊन आला.
पावती घडी करून त्याच्या हातात दिली. कालिनाला, म्हटलं.
त्यानं ती पिशवीत रजिस्टर पत्रांच्या कप्प्यात सरकवली
आणि विचारलं, "सही घ्यायची का?"

घे, म्हटलं.