पुरत नाही

तुझा फोन आला की आधी वारा बोलतो,
मग तू.
"बोआस आलाय. एकाहत्तर. पाय सुजलेत.
आडवं होता येत नाही, तीन रात्री बसून काढल्यात."
एवढंच.
लॅब्राडोरच्या त्या किनाऱ्यावर, जिथे रस्ता पोचतच नाही,
तू, दोन खाटा, क्ष-किरणाचं खोकणारं यंत्र
आणि भिंतीवर विमानांचं वेळापत्रक,
जे हवामान रोज खोटं पाडतं.

मी इकडे गूज बेला, उबेत.
दारावर माझ्या नावाची पाटी, नावामागे पदव्यांची शेपटी.
औषध लिहायचा हक्क कायद्यानं तुलाही होता, विल्हेमिना,
तरी पहिलं वर्षभर मी तुला परवानग्या देत बसलो.
तू म्हणायचीस, "हं."
त्या "हं"चे किती अर्थ असतात
हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

त्या रात्री मी म्हणालो, गोळी लागू पडत नाहीये,
डोस दुप्पट करू.
"हं," तू म्हणालीस. मग, "थांब.
साबिना काहीतरी सांगतेय."

साबिना दुभाषी. संध्याकाळी दवाखाना पुसतेही तीच.
बोआस जे पुटपुटला
त्याचा अर्थ मी लावला होता, गुण येत नाही.
ती म्हणाली, नाही हो,
तो म्हणतोय, पुरत नाही.

तीन आठवडे विमान उतरलं नव्हतं.
बायकोचं हृदयही तसंच थकलेलं, गोळीही तीच,
तिची डबी आधी संपली.
म्हणून चाकूनं अर्धी अर्धी.
माशांच्या चाकूनं, साबिनानं मुद्दाम सांगितलं.

मी गप्प.
तूच डर्मटला उठवलंस, औषधं त्याची,
तो झोपाळू आवाजात मिलिग्रॅम मोजत राहिला,
मध्येच म्हणाला, पोटॅशियम बघितलंस का, कुणीतरी बघा.
तू केव्हाच बघितलं होतंस.
शीर सापडली, औषध गेलं,
आणि मला करण्यासारखं काही उरलं नाही,
फक्त फोन कानाला धरून बसणं.
कधी नव्हे ते मी तेवढंच केलं.

पावणेपाचला तू म्हणालीस,
"आडवा झालाय."
पलीकडे कुणीतरी घोरत होतं.
इतका सुरेख आवाज
मी कुठल्याच नळीतून ऐकला नव्हता.

मी खूश होऊन फाइल मिटायला घेतली.
"चल, झोप आता," म्हणालो.
"तबेआ बाहेर बाकावर बसलीय," तू म्हणालीस.
"संध्याकाळपासून. बसूनच."

अर्धी गोळी तिच्याही वाट्याला आली होती
हे मघाशी आपण चौघांनी ऐकलं होतं.
विचारलं नव्हतं कुणीच.
"तुझ्या लक्षात होतं?"
"हं."

हा "हं" नवा होता.
मी फाइलचं पान उलटलं,
वारा ऐकत,
आणि तू दार उघडायला गेलीस.