पावशेर

कॉलेजात नऊशे अठ्ठ्याहत्तर यायचं,
नाही आलं तर आणायचं;
खोडरबर हेही एक उपकरणच होतं.

इथे ट्रोम्सोला आज तिसरा दिवस,
लंबक नऊशे ब्याऐंशीवरून हटत नाही.
दोरा पुन्हा मोजला, गाठ बदलली,
आयलिफच्या स्टॉपवॉचवर संशय घेतला.
दुपारचे तीन, खिडकीत मिट्ट काळोख.
मी हळूच एक आकडा खोडायला घेतला.

ओड्डवारने पाहिलं.
लॅबच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात,
पायांत बायकोने विणलेले मोजे.
म्हणाला, बरोबर आहे की.
ध्रुव जवळ, पृथ्वी जराशी चपटी,
इथे ती जास्त ओढते.

रात्री वसतिगृहात हिशोब मांडला:
सत्तावन्न किलोंची मी,
स्प्रिंगच्या काट्यावर इथे पावशेरभर जास्त भरेन.
एवढंच होतं तर ते.
आणि मी इतके आठवडे जिना चढताना
भलतंच काहीतरी समजत होते.

आयलिफ जानेवारीत नैरोबीला निघालाय, एका सत्रासाठी.
नवी बूटजोडी दाखवत होता.
त्याला अजून सांगितलं नाही
तिथे त्याचं काय काय कमी भरेल.